सपाट पत्र्यापासून वक्र भाग : शंकूतळाच्या धान्यकोठीचा आराखडा

घरगुती धान्य साठवणुकीसाठी पत्र्याच्या कोठीची शिफारस आता जुनी झाली आहे. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठाने विकसित केलेली गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची कोठी दीड क्विंटलापासून पंधरा क्विंटलांपर्यंतच्या क्षमतेत तयार केली जाते आणि तशाच धर्तीच्या कोठ्या महाराष्ट्रातील गावोगावच्या फॅब्रिकेशन दुकानांतही बनतात. सपाट तळाची कोठी बनविणे कारागिराच्या हातचा मळ आहे. अलीकडे मात्र शेतकरी शंकूच्या आकाराच्या तळाची कोठी मागू लागले आहेत. अशा कोठीतून धान्य खालच्या दारातून आपोआप उतरते, आधी भरलेले धान्य आधी निघते आणि तळाशी जुने दाणे साचून राहत नाहीत.

अडचण येते ती शंकू आणि वरचा गोल भाग यांच्या जोडावर. शंकूचा पत्रा अंदाजाने कापला जातो. तो वाकवून वर चढविला की एका बाजूला कमी तरी पडतो किंवा जास्त तरी होतो. मग कारागीर ठोकून, ओढून, राहिलेल्या फटीत लांबी भरून काम निभावून नेतो. बाहेरून रंग दिल्यावर हे दिसत नाही. पण सोंड्यासारख्या तीन मिलिमीटर लांबीच्या किडीला आत शिरण्यास एवढीशी फट पुरते, पावसाळ्यात तेथूनच दमट हवा आत जाते आणि धुरीकरण केल्यास वायू त्याच फटीतून घरात येतो. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडपासून निघणारा फॉस्फिन वायू प्राणघातक आहे. घरात वापरण्याची ती वस्तू नव्हेच आणि शासनमान्य तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय त्याचा वापर करता येत नाही, हे विस्तार कार्यकर्ते जाणतातच. तरीही कोठी हवाबंद असल्याच्या भरवशावर जे घडते तेही आपणांस ठाऊक आहे. म्हणून पत्रा कापण्यापूर्वीचे गणित आणि संगणकावरील आराखडा हा विषय केवळ अभियंत्यांचा राहत नाही.

कोणता आकार उलगडतो, कोणता नाही

शाळेत घनाची किंवा इष्टिकाचितीची घडणी आपण कागदावर काढली आहे. पत्र्याच्या कामात त्यालाच उलगडा म्हणता येईल. वाकवलेला भाग पुन्हा सपाट केल्यावर जो आकार मिळतो, तो उलगडा. कारागीर पत्र्यावर तोच आखतो आणि कापतो.

प्रत्येक वक्र आकाराचा उलगडा मात्र होत नाही. कागदाची सुरळी करा, ती वृत्तचिती झाली. त्याच कागदाचा पुडा वळा, तो शंकू झाला. कागद कोठेही फाटला नाही, ताणला गेला नाही, सुरकुतलाही नाही. आता तोच कागद नारळावर चिकटवून पाहावा. चुण्या पडल्याशिवाय तो बसत नाही. उलट बाजूने पाहिले तर संत्र्याची साल टेबलावर दाबून सपाट करायला जावे, ती कडेला फाटतेच. जर्मन गणिती गाउस यांनी १८२७ मध्ये याचे कारण सिद्ध केले : पृष्ठभाग न ताणता वाकविला तर त्याची एक अंगभूत वक्रता बदलत नाही. सपाट कागदाची ती वक्रता शून्य असते, वृत्तचितीची आणि शंकूचीही शून्य. गोलाची शून्य नसते. त्यामुळे सपाट पत्र्यापासून नुसत्या वाकविण्याने गोल बनत नाही.

शेतातील अवजारांत हा फरक रोज समोर असतो. डिस्क हॅरोची तवी गोलाचा तुकडा आहे, म्हणून ती कारखान्यात तापवून साच्यात दाबावी लागते. गावातल्या रोलरवर ती वळविण्याचा प्रयत्न करू नये. नांगराचा माती उलथविणारा भाग अधिक लक्षवेधी आहे. १८३७ मध्ये अमेरिकेत जॉन डिअर या लोहाराने करवतीच्या तुटलेल्या पोलादी पात्यातून सपाट तुकडा कापला आणि तो साच्यावर वाकवून नांगराचा हा भाग तयार केला. सपाट नमुन्यापासून वक्र भाग करण्याचे याहून साधे उदाहरण शेतीच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर मात्र ओतकामातून आला. ओतकामात साचा जसा तसा भाग, त्यामुळे उलगड्याची अट तेथे लागूच होत नाही. आराखडा हाती घेताना पहिला प्रश्न म्हणूनच हा असावा, की हा भाग ओतायचा आहे, दाबायचा आहे की वाकवायचा आहे?

एक फसवा प्रकारही लक्षात ठेवावा. सरळ रेषांनी बनलेला पृष्ठभाग उलगडतोच असे नाही. चंदीगडच्या विधानसभा भवनावर ल कॉर्बुझिए यांनी उभारलेला, मध्ये आवळलेला मनोरा पाहावा. त्या जातीच्या आकारावर पट्टी तिरपी ठेवली तर ती कडेला चिकटून बसते, तरीही तो आकार कागदाच्या एका तुकड्यातून वळता येत नाही. कडबाकुट्टीचे किंवा मळणीयंत्राचे वाहक नळकांडे गोल तोंडापासून चौकोनी तोंडाकडे नेताना अशा आकाराचा मोह होतो. तेथे चार सपाट त्रिकोण आणि चार शंकूचे तुकडे जोडून तोच संक्रमणभाग करावा, म्हणजे तो उलगडतो.

कोठीचे आकडे

८ फूट × ४ फूट, म्हणजे २४४० × १२२० मि.मी.चा एक पत्रा घेऊ. जाडी १.२ मि.मी. मानू. लांबीच्या बाजूने तो वळविला आणि शिवणीसाठी २० मि.मी. सोडले, तर परिघाला २४२० मि.मी. उरतात. त्याला ३.१४१६ ने भागल्यास व्यास ७७० मि.मी. येतो, उंची १२२० मि.मी. मिळते. यात सुमारे ०.५७ घनमीटर जागा होते. गव्हाची घनता घनमीटरला ७८० किलो धरली, तर साधारण ४४० किलो गहू बसतो. आता तोच पत्रा दुसऱ्या बाजूने वळवावा. परिघ १२०० मि.मी., व्यास ३८२ मि.मी., उंची २४४० मि.मी. आणि जागा ०.२८ घनमीटर. पत्रा तोच, पैसा तोच, धान्य निम्मे. कोणत्या बाजूने वळवायचे याचा विचार न करता दुकानात पत्रा टाकून येणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

खालच्या शंकूसाठी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : दाराचा व्यास आणि भिंतीचा उतार. कोरड्या गव्हाची रास आपोआप सुमारे २५ ते ३० अंशांच्या उतारावर स्थिरावते. भिंतीचा उतार त्याहून पुरेसा जास्त असला तरच दाणे घसरतात, म्हणून ४५ अंश योग्य ठरतो. पीठ, कोंडा किंवा पेंड यांना ६० अंश अथवा त्याहून अधिक लागतो. हा प्रश्न केवळ शेतीचा नाही. चंदीगडलगत मोहालीच्या सेक्टर ६७ मध्ये राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण व संशोधन संस्था आहे. गोळ्या बनविण्याच्या यंत्रात औषधाची भुकटी अडकू नये म्हणून औषधनिर्माणशास्त्रातही राशीचा हाच कोन मोजायला शिकवतात.

दाराचा व्यास १५० मि.मी. आणि उतार ४५ अंश घेतला, तर शंकूच्या वरच्या तोंडाची त्रिज्या ३८५ मि.मी., खालच्या तोंडाची ७५ मि.मी. आणि उभी उंची ३१० मि.मी. होते. दहावीच्या महत्त्वमापनात शिकलेला हा शंकुछेद. त्याचा उलगडा म्हणजे मधून छोटी चकती काढून घेतलेली वर्तुळपाकळी. पाकळीची मोठी त्रिज्या म्हणजे पूर्ण शंकूची तिरकस उंची. ४५ अंशांत ती ३८५ × १.४१४ = ५४४.५ मि.मी. होते, लहान त्रिज्या ७५ × १.४१४ = १०६ मि.मी. पाकळीचा कोन काढण्यासाठी ३६० ला तोंडाच्या त्रिज्येने गुणून तिरकस उंचीने भागावे : ३६० × ३८५ ÷ ५४४.५ = २५४.६ अंश. शिवणीसाठी एका सरळ कडेला २० मि.मी. वाढवावे.

येथे एक सोय आहे. कोन केवळ उतारावर अवलंबून असतो, कोठीच्या आकारावर नाही. कोठी लहान असो वा मोठी, ४५ अंश उताराला पाकळी २५४.६ अंशांचीच. आणि ६० अंश उताराला ती बरोबर १८० अंशांची, म्हणजे अर्धवर्तुळ. पिठाच्या किंवा पेंडीच्या कोठीचे नरसाळे करणाऱ्या कारागिराला कोनमापकाचीही गरज नाही. दोरी आणि खिळ्याने अर्धवर्तुळ काढले की काम झाले.

४५ अंशांच्या शंकूत आणखी सुमारे ०.०६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ ४६ किलो गहू मावतो. एकूण क्षमता पावणेपाच क्विंटलांच्या थोडी वर जाते. पाकळीचा व्यास १०८९ मि.मी. असल्याने ती पत्र्याच्या अर्ध्या भागात, १२२० मि.मी.च्या चौरसात बसते. झाकण वगळता एका कोठीला दीड पत्रा लागतो. दोन शेतकऱ्यांनी मिळून काम दिले, तर तीन पत्र्यांत दोन कोठ्या होतात आणि अर्धा पत्रा दुकानात पडून राहत नाही. गटशेतीच्या बैठकीत सांगण्याजोगा मुद्दा आहे.

उलट दिशेनेही हे गणित चालते आणि अनेकदा तेच अधिक उपयोगी पडते. जुन्या कारागिराकडे वर्षानुवर्षे वापरलेला पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा नमुना असतो. त्यापासून तयार होणारा शंकू कसा असेल? समजा, नमुन्याची त्रिज्या ५०० मि.मी. आणि कोन २१६ अंश आहे. तोंडाची त्रिज्या ५०० × २१६ ÷ ३६० = ३०० मि.मी. आणि पायथागोरसच्या नियमाने उंची ४०० मि.मी. म्हणजे उतार ५३ अंशांचा आहे. धान्यासाठी उत्तम, पिठासाठी अपुरा. नमुना हातात आहे म्हणून तो योग्यच आहे, असे समजू नये.

जाडीचा हिशेब

पत्रा वाकतो तेव्हा त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि मध्ये कोठेतरी एक पातळी अशी असते की तिची लांबी बदलत नाही. उलगड्याची लांबी या तटस्थ पातळीवर मोजावी लागते. ती जाडीच्या किती भागावर आहे हे सांगणाऱ्या संख्येला के-गुणक म्हणतात. कोठीसारख्या मोठ्या त्रिज्येच्या वळणात तटस्थ पातळी जाडीच्या बरोबर मध्ये येते, म्हणून गुणक ०.५ घ्यावा. प्रेसवर केलेल्या तीव्र घडीत ती आतल्या बाजूला सरकते आणि गुणक ०.३३ ते ०.४५ च्या दरम्यान येतो.

आमच्या एका आराखड्यात ड्रमचा उलगडा आतील व्यासावरून आणि शंकूचा बाहेरील व्यासावरून काढला गेला होता. चूक प्रस्तुत लेखकाचीच. १.२ मि.मी. जाडीला परिघांत साडेसात मिलिमीटरांचा फरक पडला. कागदावर साडेसात मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. पण कारागिराने जोड एका टोकापासून जुळवत आणला आणि हा सगळा फरक शेवटी शिवणीजवळ एकाच ठिकाणी जमा झाला. लांबी भरण्याची वेळ आमच्यावरही आली. तेव्हापासून दोन्ही भागांचे माप पत्र्याच्या मध्यापासून घेण्याचा शिरस्ता आम्ही पाळतो.

खालच्या सरकत्या दाराच्या खोबणीसारख्या काटकोनी घड्यांत हिशेब वेगळा होतो. आतील त्रिज्या २ मि.मी., जाडी १.२ मि.मी. आणि गुणक ०.४ धरल्यास एका घडीत १.५७ × (२ + ०.४८) = ३.९ मि.मी. पत्रा खर्ची पडतो. घड्यांमधील सपाट भागांचीच बेरीज करून पत्रा कापला, तर चार घड्यांत तो सुमारे १५.६ मि.मी. कमी पडेल.

जाडी गेजमध्ये सांगण्याची पद्धत हे आणखी एक घोटाळ्याचे मूळ आहे. १८ गेज म्हणजे ब्रिटिश प्रमाणात १.२१९ मि.मी., तर अमेरिकी प्रमाणात गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी १.३१ मि.मी. दुकानदार कोणते प्रमाण सांगतो हे विचारण्यात वेळ घालवू नये. मायक्रोमीटरने मोजावे आणि मिलिमीटरमधला आकडाच आराखड्यावर लिहावा. वजनानेही पडताळा होतो : १.२ मि.मी. जाडीचा ८ × ४ फुटी पत्रा सुमारे २८ किलो भरतो.

संगणकावर

यासाठी महागडी प्रणाली विकत घेण्याची आवश्यकता नाही. फ्रीकॅड ही मुक्त व विनामूल्य प्रणाली या कामास पुरेशी आहे. तिची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पत्राकामाचा विभाग त्यात पूरक म्हणून वेगळा जोडून घ्यावा लागतो. कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती येते. गावातील आयटीआय झालेल्या तरुणालाही काही दिवसांत जमते.

नवशिक्याची पहिली अडचण अशी, की संपूर्ण बंद वर्तुळाचा ड्रम काढला आणि उलगडण्याची आज्ञा दिली तर काहीच होत नाही. बंद नळीला उलगडण्यासाठी कड नसते. म्हणून चित्रातच एक बारीक उभी चीर ठेवावी, अर्धा ते एक मिलिमीटर पुरे. दुसरे असे, की उलगडताना एक सपाट पृष्ठभाग स्थिर म्हणून दाखवावा लागतो आणि ड्रमला तसा भागच नसतो. शिवणीची २० मि.मी.ची पट्टी चिरेच्या कडेला सपाट काढली की ही अडचण दूर होते आणि शिवणीचा पत्राही उलगड्यात आपोआप येतो. के-गुणक भरताना अमेरिकी की जर्मन पद्धत, असा पर्याय समोर येतो. दोहोंत दुपटीचा फरक आहे : अमेरिकी पद्धतीतील ०.५ म्हणजे जर्मन पद्धतीतील १. पर्याय न पाहता आकडा भरल्याने चुकलेले आराखडे आमच्या पाहण्यात आले आहेत.

ड्रमवर भोके, पाहणी-खिडकी किंवा धान्य भरण्याचे तोंड हवे असेल, तर ते वक्र भागावर कापण्याच्या खटाटोपात पडू नये. भाग आधी सपाट चित्रात घ्यावा, भोके तेथे आखावीत आणि मग तो वळवून पाहावा. कारागीरही पत्रा रोलरवर घालण्यापूर्वीच भोके पाडतो. संगणकावरील क्रम आणि दुकानातील क्रम एकच असला की मापे हातातून सुटत नाहीत. मात्र मोठी खिडकी रोलिंगपूर्वी कापली, तर तिच्या शेजारी पत्रा कमकुवत होऊन वळण सारखे येत नाही. तेवढी एक रोलिंगनंतर कापावी.

शंकूच्या बाबतीत आमचे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. पत्राकामाचा हा विभाग सपाट व वृत्तचितीसारख्या भागांवर भरवशाने चालतो. शंकूसाठी वर दिलेल्या दोन त्रिज्या आणि एक कोन घेऊन पाकळी सरळ रेखाटणे अधिक जलद आणि निर्धोक आहे. मग त्रिमितीय शंकू वेगळा काढून ड्रमखाली बसवावा आणि दोन्ही परिघ जुळतात की नाही, हे संगणकाला मोजायला लावावे. आमच्या दृष्टीने संगणकाचा खरा उपयोग येथे होतो.

तयार उलगडा लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ फाइलमध्ये पाठवितात. ही फाइल मिलिमीटरची आहे की इंचाची, हे समोरच्याने चुकीचे धरले तर भाग २५.४ पट मोठा किंवा लहान होतो. यासाठी प्रत्येक आराखड्यात बाजूला १०० मि.मी. लांबीची एक रेषा काढून ठेवावी. कागदावर पूर्ण मापात छापतानाही तीच रेषा पट्टीने मोजावी, कारण छपाईयंत्र बरेचदा पानात बसविण्यासाठी चित्र आपोआप लहान करते.

दुकानात गेल्यावर

तीन रोलच्या यंत्रात पत्र्याची दोन्ही टोके सरळ राहतात. ती आधी हातोडीने किंवा प्रेसवर वळवून घ्यावीत, अन्यथा शिवणीजवळ ड्रमला बदामासारखे टोक येते. रोलमधून बाहेर आल्यावर पत्रा थोडा उघडतो, म्हणून त्रिज्या हव्या त्यापेक्षा किंचित कमी ठेवून वळवावे. किती कमी, हे त्या यंत्रावर आणि त्या पत्र्याच्या पट्टीवर एकदा करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा वेल्डिंगने जोडू नये, असा आमचा आग्रह आहे. जस्ताचा थर जळतो, तेथूनच गंज सुरू होतो आणि त्या धुराने कारागिराला ताप भरतो. एकमेकांत अडकविलेली घडीची शिवण घालून तीवर कथलाचा डाग द्यावा. ६ मि.मी. रुंदीच्या अशा शिवणीला तिप्पट, म्हणजे १८ मि.मी. पत्रा लागतो. आपण २० मि.मी. सोडले ते यासाठीच. शंकूच्या वरच्या कडेला बाहेर काढलेली घडी मात्र वक्र रेषेवर येते, त्यामुळे तेथे पत्रा थोडा ताणावाच लागतो. ती एका दमात न वळवता कड फिरवत तीन-चार फेऱ्यांत वळवावी. खाचा पाडून वळविली तर सोपी जाते, पण प्रत्येक खाच ही एक फट असते.

भरलेल्या कोठीचे सुमारे पाच क्विंटल वजन शिवणीवर टांगू नये. ड्रम आणि शंकूच्या जोडाखाली अँगलचे गोल कडे द्यावे आणि पाय त्या कड्याला जोडावेत. धान्य भरण्यापूर्वी रात्रीच्या वेळी कोठीत दिवा लावून ठेवावा, झाकण बंद करावे आणि बाहेरच्या अंधारात भोवती एक फेरी मारावी. जेथून उजेड दिसेल तेथे खूण करून दुसऱ्या दिवशी डाग द्यावा. मग १२ टक्क्यांहून कमी ओलाव्याचा, उन्हात वाळवून थंड केलेला गहू भरण्यास हरकत नाही.